दगडी ओटा, नग एक

वहिनी फोनवर कधी ‘हॅलो’ म्हणत नाहीत. समोरच्याने फोन उचलला म्हणजे तो ऐकतोय, त्याला पुन्हा विचारायचं काय, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशीही फोन माझ्या कानाला लागायच्या आत त्यांचं निम्मं वाक्य होऊन गेलं होतं.

“...जागेत खुंटी ठोकलीया.”

“कुणाच्या जागेत?”

“माझ्या म्हनलं की. तुमच्या अण्णांच्या डाव्या अंगाला. वर लाल रंग दिलाय. उपटून टाकू का?”

“नको, नको. हात लावू नका. सरकारी असेल. मी येतो.”

“या. आज न्हाई उपटत,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी कर्नाटकातल्या बसवकल्याणला राहतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून वर्तमानपत्रं आणि पुस्तकं वाचणं एवढाच माझा धंदा आहे, त्यामुळे जगात काय चाललंय ते मला साधारण आठवडाभर आधी कळतं आणि उपयोग काहीच होत नाही. खुंटी कशाची हे मला फोनवरच कळलं होतं. तरी मुडबीची बस पकडली, फाट्यावर उतरलो, पुढे जीपमध्ये बाकाच्या टोकावर बसून गावाला गेलो, आणि वाटभर मनाची समजूत घालत राहिलो की वहिनींना दिशा कळली नसेल.

त्यांना दिशा बरोबर कळली होती.

आमच्या लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, पुरतात; आणि पुरताना झोपवत नाहीत, बसवतात. गावाला सार्वजनिक रुद्रभूमी आहे, पण ज्याला शेत आहे तो सहसा आपल्या शेतातच बसतो. माझा थोरला भाऊ नऊ वर्षांपासून आमच्या वरच्या शेतात, बांधाच्या कडेला, उत्तरेकडे तोंड करून मांडी घालून बसलेला आहे. हयातीत अण्णांना एका जागी इतका वेळ बसवणं कुणालाच जमलं नव्हतं. वर काळ्या दगडाचा गुडघाभर चौथरा आहे. त्यावर नाव नाही, तारीख नाही. आमच्या गावात लिहायची पद्धत नाही. ज्याला ठाऊक आहे त्याला ठाऊक आहे, बाकीच्यांना तो बसायचा ओटा वाटतो.

नवऱ्याच्या डाव्या हाताला बायकोची जागा. अण्णा गेले त्याच दिवशी वहिनींनी ती हाताने दाखवून ठेवली होती. “मधी हे, हिकडं मी, आन बेलाच्या पल्याड चार पावलं सोडून भाऊजी,” असं त्या चारचौघांत म्हणाल्या होत्या. मी तेव्हा पन्नाशी नुकती ओलांडलेला. अशा बोलण्याकडे शिकलेली माणसं जसं दुर्लक्ष करतात तसं मी केलं.

आता वहिनींच्या जागेच्या बरोबर मधोमध एक वीतभर खुंटी उभी होती. डोक्याला लाल रंग, भोवती चुन्याचा गोल. वहिनी तिच्याकडे पाहत होत्या, घरात शिरलेल्या परक्या माणसाकडे पाहावं तशा.

“कशाची हाय?”

“टॉवरची. वरून तारा जाणार.”

“मग तारा जाऊ द्या की वरून. म्या खाली बसणार हाय.”

प्रकल्प असा होता. गावाच्या तलावाचं पाणी पंपाने टेकडीवरच्या नव्या तळ्यात चढवायचं, विजेची गरज पडली की ते खाली सोडून त्यावर वीज करायची, आणि ती वीज उंच टॉवरांवरून दूर कुठेतरी न्यायची. पंचायतीने अहवाल तपासून, हरकती ऐकून ठराव द्यायचा होता. अहवाल कन्नडमध्ये होता आणि पंचायतीच्या फळ्यावर त्यातली दोनच पानं लावली होती. बाकीची ‘कार्यालयीन वेळेत’ पाहायला मिळत. कार्यालयाला वेळ केव्हा असतो ते फळ्यावर नव्हतं.

जीपच्या थांब्यावर हॉटेल आहे. त्याच्या मालकाने मला चहा दिला आणि प्रकल्प समजावून सांगा म्हणाला.

“म्हंजे पानी आदी वर चढवायचं?”

“हो.”

“चढवायला वीज लागंल.”

“लागेल.”

“मग खाली सोडून वीज करायची. जितकी लागली तितकी निघती का?”

“थोडी कमीच निघते.”

“मग करायलेत कामून?”

मी त्याला दिवसाचं ऊन, सूर्यावरची वीज, संध्याकाळची मागणी, साठवण असं सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हंजे म्हशीला दूध पाजून दूध काढायचं.” बाकावरचे हसले. मीही हसलो, पण चहा अर्धा टाकून उठलो. का उठलो, हे सांगायला सहा वर्षं मागे जावं लागेल.

सहा वर्षांपूर्वी गावात शेतांची फेरमोजणी झाली. मोजणीवाले यायच्या आधी अफवा आली. ती न्हाव्याच्या दुकानात जन्मली असं म्हणतात, पण बापाचं नाव कुणी सांगत नाही. अफवा अशी की ज्याच्या शेतात समाधी दिसेल त्याच्या पहाणीवर, म्हणजे सातबाऱ्यासारखा आमच्याकडे जो उतारा असतो त्यावर, ‘रुद्रभूमी’ असा शेरा पडणार. मग शेत सरकारजमा. अफवेत तथ्य नव्हतं. मी हे तेव्हाही सांगितलं होतं. पण तथ्य नसलेल्या गोष्टीला माणसं जेवढी भितात तेवढी खऱ्या गोष्टीला भीत नाहीत, आणि आठ दिवसांत मीही भ्यालो.

मोजणीदाराला प्रत्येक बांधकामाबद्दल लेखी जबाब हवा होता, कन्नडमध्ये. गावात माझं कन्नड अक्षर चांगलं. एकेक जण माझ्याकडे आला. मी एक वाक्य तयार केलं आणि तेच सगळ्यांना लिहून दिलं: ‘सदर ओटा शेताची राखण करताना बसण्यासाठी बांधलेला असून त्याचा अन्य कोणताही उपयोग होत नाही.’ त्यातल्या ‘अन्य कोणताही’चा मला विशेष अभिमान वाटला होता. असे सतरा जबाब मी लिहिले. सतराही घरांतली माणसं एका सकाळीत राखणीचे ओटे झाली. त्या दप्तराप्रमाणे आमच्या गावाइतकं राखणीला बसणारं गाव दुसरं कुठलं नसेल.

सतरावा जबाब वहिनींच्या शेताचा होता. शेत अण्णांनंतर त्यांच्या नावावर आलं होतं. मी “मोजणीचा कागद आहे” एवढंच म्हणालो. त्यांनी चष्मा लावला नाही, माझ्याकडे पाहिलं आणि मी जिथे बोट ठेवलं तिथे सही केली.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात मांडव घालून झाली. मंचावर अकरा खुर्च्या होत्या आणि बसणारी माणसं चौदा, त्यामुळे पहिली पंधरा मिनिटं तिघांना कुठे बसवायचं यात गेली. मग शाली आल्या. दीपप्रज्वलनासाठी पंखे बंद केले, समई लागली, टाळ्या झाल्या, पंखे सुरू केले, समई विझली. ती पुन्हा लावायची की नाही यावर अध्यक्ष आणि पीडीओ, म्हणजे पंचायतीचे विकास अधिकारी, यांच्यात कुजबूज झाली. शेवटी विझलेल्या समईसमोरच पाण्यापासून होणाऱ्या विजेवर भाषणं झाली. प्रकल्पाच्या इंजिनिअरने आपल्या भाषणात ‘तुम्ही सगळे भागीदार आहात’ असं तीनदा सांगितलं. कशात, हे एकदा सांगितलं असतं तर पुरलं असतं.

मग पीडीओंनी तारांखाली येणाऱ्या शेतांची यादी वाचायला घेतली. सर्व्हे नंबर, झाडं, विहीर, बोअर, बांधकाम. मी मागच्या रांगेत खांबाला टेकून उभा होतो.

“विहीर एक. आंब्याची झाडं दोन. दगडी ओटा, नग एक.”

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने मान खाली घातली. त्या ओट्यात त्याचे वडील होते.

“बोअर एक. दगडी ओटा, नग एक.”

आणखी एक मान गेली. सतरापैकी सहा तारांच्या वाटेत येत होते. पटांगणात एवढी शांतता पसरली की इंजिनिअरला बोलावंसं वाटलं.

“तुमच्या गावात शेतात बसायची फार आवड दिसते,” तो कौतुकाने म्हणाला. कुणी हसलं नाही. त्याने गडबडून नियम सांगितला: ओटा असेल तर भरपाई देऊन काढता येतो; देऊळ किंवा समाधी असेल तर मात्र चारही बाजूंनी ठराविक अंतर सोडून टॉवर सरकवावा लागतो. “सुदैवाने तुमच्याकडे तसं काही नाही,” तो म्हणाला.

त्यानंतर वहिनींचा नंबर आला. “विहीर एक. बेलाचं झाड एक. दगडी ओटा, नग एक.”

बायकांच्या घोळक्यातून वहिनी उभ्या राहिल्या. “कुणाचा ओटा?”

“अक्का, तुमच्याच शेतातला,” पीडीओ म्हणाले.

“माझ्या शेतात ओटा न्हाई.”

इंजिनिअरचा चेहरा उजळला. “नाही म्हणतात, तर मग खोडून टाका,” तो पीडीओंना म्हणाला. पीडीओंनी पेनचं टोपण काढलं.

खोडलं तर तिथे काहीच नव्हतं असं होणार होतं. ओटाही नाही, अण्णाही नाहीत. मी खांब सोडला.

“खोडू नका!” माझा आवाज मला स्वतःला चिरका वाटला. “ओटा आहे.”

सगळं पटांगण माझ्याकडे वळलं. वहिनीही वळल्या.

“कुठं हाय वो, भाऊजी?”

“घरी सांगतो,” मी म्हणालो.

त्या खाली बसल्या. उरलेल्या वेळात त्यांनी मंचाकडे एकदाही पाहिलं नाही, माझ्याकडेच पाहत राहिल्या. सभेचा निर्णय असा झाला की हरकतींच्या जागा आठ दिवसांनी अधिकारी समक्ष येऊन बघतील.

घरी जाऊन मी सगळं सांगितलं. वहिनी सुपात तूर पाखडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

“म्हंजे सा वर्सं मी ओट्याला इभूत लावायलेय.”

“तसं नाही वहिनी...”

“माझी सही हाय म्हना त्याच्यावर?”

“आहे.”

“आन अक्षर तुमचं.” सूप दोनदा वाजलं. “लेकरांनी खोटं लिवलं तर तुमी छड्या मारायचा. माझ्या भाच्याला मारल्या होत्या.”

मारल्या होत्या. मला तो भाचा आठवला, छड्या मात्र आठवत नव्हत्या.

मी म्हणालो की मी नवा जबाब देतो. आधीचा खोटा होता असं लिहून देतो. अण्णांची समाधी नोंदली जाईल, तिला कुणी हात लावणार नाही.

“आन माझी जागा?”

तिथेच गाडं अडत होतं. अंतर मोजायचं ते चौथऱ्याच्या कडेपासून. खुंटी त्या अंतराच्या काठावरच होती. हातभर सरकवली की नियम पाळला गेला असता, आणि टॉवरचा एक पाय तरी वहिनींच्या जागेत आलाच असता. मी हरकतीचा अर्ज दोनदा वाचला होता. झाडाला रकाना होता, विहिरीला होता, जनावरांच्या गोठ्याला होता. रिकाम्या जागेला नव्हता.

“बेल रकान्यात हाय, गोठा हाय, आन मी न्हाई?”

“तुम्ही हयात आहात, वहिनी.”

“ती बी माझीच चूक का?”

त्या संध्याकाळी पंचायतीचे अध्यक्ष घरी आले. वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढे. एकेकाळी माझ्याच वर्गात होते. चहा संपेपर्यंत ते पावसाबद्दल बोलले आणि मग म्हणाले, “गुर्जी, तुमी तुमचं खरं करायला जाल आन सतरा घरं उघडी पडतील. तुमच्या अण्णांसाठी बाकीच्यांच्या बापांची चौकशी लावू नका.”

“चौकशी होणार नाही. अफवा होती ती.”

“अफवा होती तर तुमी लिवलं कामून?”

मी त्यांचा रिकामा कप उचलून आत ठेवून आलो. पुढचे आठ दिवस मी गावातच राहिलो; हॉटेलात गेलो तर बोलणं थांबे. चहा मिळे, पण जरा उशिरा, आणि म्हशीचा विनोद पुन्हा कुणी केला नाही. सतरापैकी एकाने वाटेत गाठून नुसतं विचारलं, “आमचंबी सांगणार का?” मी नाही म्हणालो. मग वाटलं, नाही म्हणण्याचा तरी मला काय अधिकार. घरी वहिनी माझ्याशी जेवण्यापुरतं बोलत. मी कोरा कागद घेऊन बसे आणि ‘पूर्वीचा जबाब’ या दोन शब्दांपुढे जात नसे. सतरा खोट्या जबाबांना मला एक सकाळ लागली होती.

पाहणीच्या दिवशी सकाळी मी शेतात गेलो आणि जागीच थबकलो. अण्णांच्या डाव्या हाताला दुसरा चौथरा उभा होता. अण्णांच्याइतकाच लांब, दोन थर कमी. गावातला गवंडी वरच्या दगडाच्या सांध्यात चिखल भरत होता आणि वहिनी बांधावर बसून त्याला कड सरळ कर म्हणून सांगत होत्या. खुंटी उपटलेली नव्हती. त्यांनी शब्द पाळला होता. चौथरा खुंटीच्या भोवतीने बांधला होता आणि तिचं लाल डोकं दगडांच्या मधून वर आलं होतं.

“वहिनी, हे काय?”

“ओटा,” त्या म्हणाल्या. “तुमी लिवलाव तसा.”

अधिकारी दोघे आले. एक तोच इंजिनिअर, दुसरे महसूलचे. त्यांना आमच्याकडे जुनी माणसं अजून गिरदावर म्हणतात. आळंदकडचे होते, कन्नड बोलत, पण मराठी समजे. पन्नाशीचे, घामेजलेले, कागदांची फाइल छातीशी धरलेले. मी माझा नवा जबाब त्यांच्या हातात दिला. त्यांनी फाइलमधला जुना काढला आणि दोन्ही शेजारी धरले.

“अक्षर एकच आहे.”

“हो.”

“गुरुजी, तेव्हा खोटं लिहिलं होतं, की आता लिहिलंय?”

“तेव्हा.”

मागे गावातली पाच-सहा माणसं उभी होती. त्यांतल्या कुणीतरी जोरात श्वास सोडलेला मला ऐकू आला. गिरदावरांनी चौथऱ्याकडे पाहिलं, पायातले बूट काढले, जवळ जाऊन दगडावरची पांढरी विभूती बोट लावून पाहिली. मग लिहिलं: समाधी, एक. सहा वर्षांचं ओझं त्यांच्या पेनाने अर्ध्या मिनिटात उतरवलं, आणि मला हलकं वाटायला हवं होतं. पण इंजिनिअर दुसऱ्या चौथऱ्याला बोटाने टोचत होता.

“हा ओला आहे,” तो म्हणाला. “कालचा आहे.”

“परवाचा,” वहिनी म्हणाल्या.

“इथे कोण आहे?”

“अजून कुणी न्हाई. म्या यायची हाय.”

“मग आत्ताच का बांधला?”

“मेल्यावर बांधायला मला जमनार न्हाई म्हणून.”

इंजिनिअर हसला आणि गिरदावर हसले नाहीत हे पाहून थांबला. त्याने समजुतीच्या सुरात सांगितलं की माणूस हयात असताना समाधी धरता येत नाही. हा ओटाच धरावा लागेल, आणि ओट्याला अंतर लागत नाही. नियमाने तो बरोबर होता. वहिनी गिरदावरांकडे वळल्या आणि कन्नडमध्ये बोलल्या. त्यांचं माहेर आळंदकडचं. देवाशी आणि माहेरच्या माणसांशी त्या कन्नडमध्ये बोलतात, आमच्याशी आणि म्हशीशी मराठीत.

“तुमच्यात बाईला कुठल्या अंगाला बसवतात?”

“डाव्या,” गिरदावर म्हणाले.

“तुमच्या आईला?”

“डाव्याच.”

“मग झालं,” वहिनी म्हणाल्या आणि पुन्हा बांधावर जाऊन बसल्या.

गिरदावरांनी फाइल पुन्हा उघडली. मग लिहिलं: ‘दगडी ओटा, नग एक (नवीन).’ लिहून झाल्यावर ते दोन चौथऱ्यांच्या मधल्या फटीकडे पाहत राहिले. चार बोटांची फट होती.

“दोन्ही बांधकामं जोडून असली,” ते कुणाकडेच न पाहता म्हणाले, “तर एकच धरायचं. अंतर बाहेरच्या कडेपासून.” मग फाइल बगलेत मारली. “तहान लागली. विहीर कुठे आहे?” आणि इंजिनिअरचा दंड धरून त्याला सोबत घेऊन गेले.

विहीर लांब नव्हती. गवंडी माझ्याकडे पाहू लागला. मी त्याच्याकडे. मग मी आयुष्यात पहिल्यांदा दगड उचलला, त्या फटीत बसवला, आणि त्याने घमेल्यातला चिखल माझ्या ओंजळीत दिला. मागे उभ्या असलेल्यांतला एक, तोच वाटेत गाठणारा, पुढे आला आणि दुसरा दगड आणून दिला.

अधिकारी पाणी पिऊन आले तेव्हा एकच बांधकाम होतं. इंजिनिअरने दगडांकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं, गिरदावरांकडे पाहिलं, आणि टेप उलगडली.

गिरदावरांनी पंचनामा माझ्यापुढे धरला. साक्षीदार म्हणून सही हवी होती. शेवटची ओळ छापीलच होती: ‘याव्यतिरिक्त सदर शेतात अन्य कोणतीही समाधी, बांधकाम अथवा राखीव जागा नाही.’ ते ‘अन्य कोणतीही’ मला ओळखीचं वाटलं. “आणखी काही आहे?” त्यांनी विचारलं. मी शेतावर नजर फिरवली. तूर, बेल, बांध. “काही नाही,” म्हणालो, आणि चिखलाच्या बोटांनी सही केली.

पश्चिमेला बांधापलीकडे दुसऱ्याचं शेत, म्हणून इंजिनिअर टेप धरून पूर्वेकडे चालत गेला. अण्णांच्या पुढे, बेलाच्याही पलीकडे. चार पावलं मोजून थांबला आणि तिथे नवी खुंटी ठोकली. लाल डोक्याची. मग चुन्याचा गोल काढला.

वहिनी उठून उभ्या राहिल्या. माझ्याआधी त्यांना कळलं.

“भाऊजी. ती तुमची जागा.”

मी बोटांवरचा चिखल पुसू लागलो.

“गवंडी हाय अजून,” त्या हळू म्हणाल्या. “दगडं बी उरल्यात.”

“सही झाली, वहिनी.”

अधिकाऱ्यांची गाडी धुरळा उडवत गेली. वहिनी बराच वेळ त्या नव्या खुंटीकडे पाहत होत्या. “तुमचं लेकरू हैदराबादेत हाय,” त्या शेवटी म्हणाल्या. “तितं म्हणं इजेवर जाळत्यात. लई येळ लागत न्हाई म्हणं.” म्हणून झाल्यावर त्यांना ते आवडलं नाही. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि घराकडे चालू लागल्या.

पुढच्या पंधरवड्यात सतरापैकी अकरा जण माझ्याकडे नवा जबाब लिहून घ्यायला आले. काही दुपारी उघड आले, काही जण आपण दुसऱ्याच कामाला आलोय असं भासवून. या वेळी वाक्य मी लहान ठेवलं: ‘ही माझ्या वडिलांची समाधी आहे.’ वहिनींचा एक आधीच झाला होता; उरलेले पाच अजून ओटेच आहेत, आणि त्यांना मी दोष देत नाही. कुणाच्याही पहाणीवर अजून शेरा पडलेला नाही. अध्यक्ष भेटले की विचारतात, “आला का शेरा?” मी “नाही” म्हणतो, आणि आम्ही दोघंही तो येईल म्हणून वाट बघतो.

ठराव पंचायतीतून वर गेला. वरून काही आलेलं नाही. मंजूर झाला म्हणतात, फेरतपासणीला गेला म्हणतात, वाटच बदलली म्हणतात. वाट बदलली तर ती कुणाच्या जागेवरून गेली हे कुणी सांगत नाही. मी आठवड्यातून एकदा तरी जीपने गावी जातो. कारण काहीतरी सांगतो, औषधं, फोनचं रिचार्ज. शेतात गेलो की बेलापासून पावलं मोजतो. चारच भरतात. गेल्या खेपेला लहान पावलं टाकून पाहिली, तेव्हा पाच भरली, पण खुंटी होती तिथेच होती.

तुरीला शेंगा भरल्यात. डुकरं फार झालीत, म्हणून वहिनी दिवसभर राखणीला शेतात असतात. परवा गेलो तेव्हा त्या त्यांच्या चौथऱ्यावर पाय सोडून बसल्या होत्या, शेजारी गोफण, पाण्याची बाटली, भाकरीचं फडकं. अण्णांच्या दगडावर विभूती होती, त्यांच्या दगडावर नव्हती. मी विचारलं तर म्हणाल्या, “ह्यो अजून ओटाच हाय की.”

सदर ओटा शेताची राखण करताना बसण्यासाठी. मी लिहिलेलं ते वाक्य सहा वर्षांनी पहिल्यांदा कुठेतरी खरं झालं होतं. मी उन्हात उभा राहून खुंटीकडे पाहत होतो. तिचा लाल रंग उडायला लागलाय. हे बरं लक्षण की वाईट, मला ठरवता येईना.

वहिनींनी भाकरीचं फडकं मांडीवर ओढून घेतलं आणि ओट्यावर जागा केली.

“या, बसा हितं,” त्या म्हणाल्या. “तुमच्या जागेवर खुंटी हाय.”